अंगणांतील गोचीड व कडुलिंबाचा पाला

गेल्या श्रावणांत आमच्या आठवीच्या वर्गांतील एक मुलगा सलग चार दिवस शाळेंत आला नाहीं. पांचव्या दिवशीं तो आला आणि त्यानें रजेची चिठ्ठी टेबलावर ठेवली. तींत एकच ओळ होती : "आमची गाय मेली म्हणून येतां आलें नाहीं." शिक्षकाच्या हातांखालून रजेच्या चिठ्ठ्या पुष्कळ जातात. ताप, लग्न, जत्रा, पाहुणे हीं कारणें इतकीं ओळखीचीं झालेलीं असतात कीं, तीं धड कोणी वाचीत नाहीं. ही चिठ्ठी मात्र मीं दोनदां वाचली. ज्या घरीं एकच दुभती गाय आहे आणि तिच्या दुधाच्या पैशांतून मुलाच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागतो, त्या घरीं गाय मरणें म्हणजे काय, हें करमाळ्याच्या माळावर राहणारांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

शनिवारीं शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरीं गेलों. जेऊरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडें आंत, दगडमातीच्या भिंतींचें घर, लागूनच गोठा. गाय संकरित जातीची होती. आठवडाभर ताप उतरेना, खांद्यापुढील गांठी सुजल्या, डोळ्यांच्या कडा व हिरड्या पांढऱ्या पडल्या. गुरांचे डॉक्टर आले तेव्हां उशीर झाला होता. गोचिडीपासून होणारा थायलेरिया नांवाचा रोग, असें त्यांनीं सांगितलें. मुलाची आजी उंबऱ्यावर बसली होती. ती मला म्हणाली, "मास्तर, मी काय कमी केलं? लिंबाची डहाळी दाराला बांधलीय, रोज दिवेलागणीला लिंबाच्या पाल्याचा धूर करते, गाईला करंजाचं तेल लावत होते. तरी ही पीडा हटली नाही. लिंबातच गुण राहिला नाही म्हणायचं का?"

मीं गोठ्यांत जाऊन भिंतीच्या एका भेगेंत काडी फिरवली. आंतून प्रथम वाळक्या काती निघाल्या, मग मोहरीहून बारीक अशा तपकिरी अंड्यांचा एक पुंजका निघाला, आणि शेवटीं राखी रंगाच्या चार-पांच गोचिडी, उजेड नकोसा झाल्याप्रमाणें, हळूहळू पाय हलवीत बाहेर आल्या. तशा भेगा त्या भिंतीला किती असतील याची गणती नाहीं. लिंबाचा गुण गेलेला नव्हता. आजीनें पाला दाराशीं टांगला होता आणि शत्रू राहत होता भिंतींत.

ही गोष्ट नीट कळावी म्हणून या प्राण्याचा जीवनक्रम आधीं पाहिला पाहिजे. गोचीड हा कीटक नव्हे. कीटकास सहा पाय असतात, गोचिडीस आठ. ती कोळी व विंचू यांच्या कुळांतली आहे. गंमत अशी कीं, अंड्यांतून बाहेर पडलेलें तिचें पिलूं मात्र सहाच पायांचें असतें. (आमच्या शास्त्राच्या परीक्षकांनीं हा प्रश्न अद्याप विचारलेला नाहीं, विद्यार्थ्यांनीं तयारी ठेवावी.) हें पिलूं रक्त पिऊन कात टाकतें आणि आठ पायांचें होतें, पुन्हां रक्त पिऊन पुन्हां कात टाकतें, तेव्हां तें प्रौढ होतें. प्रौढ मादी रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी फुगते. प्राचीन रोमन लोकांच्या लॅटिन भाषेंत गोचिडीला 'रिसिनस' म्हणत आणि एरंडाचें बीं तसेंच दिसतें म्हणून एरंडासही त्यांनीं तेंच नांव दिलें. वनस्पतिशास्त्रांत तें आजही चालतें. अशी फुगलेली मादी जनावराच्या अंगावरून गळून पडते, एखादी अंधारी व ओलसर जागा गांठते, तेथें दोन-तीन हजार अंडीं घालते आणि मरते.

महाराष्ट्रांतील गुरांवर ज्या गोचिडी आढळतात त्यांत दोन मुख्य आहेत. एकीचा सारा जन्म एकाच जनावरावर जातो. तिचें पिलूं एकदां अंगावर चढलें कीं सुमारें तीन आठवड्यांनीं प्रौढ मादी होऊनच खालीं उतरतें. दुसरी, जिला शास्त्रांत हायलोमा म्हणतात, ती अधिक धूर्त आहे. रक्त प्यावें, खालीं उतरावें, भिंतीच्या भेगेंत शिरून कात टाकावी आणि दुसऱ्या जनावरावर चढावें, असा तिचा क्रम असतो. थायलेरियाचे सूक्ष्म जंतू हीच वाहून नेते. लहानपणीं आजारी जनावराचें रक्त प्यायलें, भेगेंत बसून कात टाकली, आणि बाहेर पडून निरोगी गाईस चावा घेतला, म्हणजे काम झालें. रोगाचा मुक्काम असा भिंतींत असतो.

गोचीड रोग पसरवते हें प्रथम सिद्ध झालें तें अमेरिकेंत. टेक्सास प्रांताकडून येणाऱ्या गुरांमागून इतर गुरें तांबडी लघवी होऊन पटापट मरत. तेथील गुराखी फार दिवस सांगत होते कीं हें गोचिडीचें काम. विद्वान् लोक त्यांस हसत. १८९३ सालीं थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनीं प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं गुराख्यांचेंच खरें होतें. सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनीं डांसाच्या पोटांत हिंवतापाचा जंतू पाहिला, त्याच्या चार वर्षें आधींची ही गोष्ट आहे. अडाण्याच्या अनुभवास हसण्यापूर्वीं एकदां भिंतींत काडी घालून पाहावी, एवढें मी यावरून शिकलों.

आतां वासाविषयीं. गोचीड जनावराचा माग डोळ्यांनीं काढीत नाहीं. तिच्या पुढच्या दोन पायांच्या टोकाशीं एक सूक्ष्म खळगी असते. हॅलर नांवाच्या संशोधकानें १८८१ सालीं तिचें वर्णन केलें. श्वासांतील कर्बवायु, अंगाची ऊब व घामाचा वास हीं तिला या खळगीनें कळतात. गवताच्या पात्याच्या टोकावर बसून, पुढचे पाय पसरून, ती वाट पाहत राहते. गाय, कुत्रें किंवा माणूस घासून गेला कीं झटकन् धरते. निलगिरी, गवती चहा, निर्गुडी, वेखंड, करंज यांच्या उग्र वासानें तिला हा माग लागेनासा होतो, अथवा ती दूर सरते. परंतु वास हा उडून जाणारा पदार्थ आहे. आपल्या उन्हांत सकाळीं लावलेलें तेल सायंकाळपर्यंत तरी टिकेल कीं नाहीं याची शंका. दाराला बांधलेली डहाळी तर दुसऱ्या दिवशीं वाळून जाते. धुरानें डांस हटतात. भेगेंतल्या गोचिडीस त्याचें कांहीं वाटत असेल असें मला दिसलेलें नाहीं.

कडुलिंबाची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण त्याचा खरा प्रभाव वासांत नाहीं. डॉ. सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनीं १९४२ सालीं लिंबाच्या तेलांतून निंबिन नांवाचें कडू द्रव्य वेगळें काढलें. पुढें १९६८ सालीं इंग्लंडांत बटरवर्थ व मॉर्गन यांनीं लिंबोळींतून ॲझाडिरॅक्टिन काढलें. हें द्रव्य किडीस तडकाफडकी मारीत नाहीं. तें तिच्या कात टाकण्यांत व अंडीं घालण्यांत बिघाड करतें. मात्र त्याचा एक दोष आहे : ऊन लागलें कीं तें थोड्याच दिवसांत नाश पावतें. आतां ह्या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. कात टाकणें व अंडीं घालणें कोठें चालतें? भेगेंत. ऊन कोठें पोंचत नाहीं? भेगेंत. म्हणजे लिंबानें जेथें काम करावें आणि जेथें त्यास टिकून राहतां यावें, ती जागा एकच आहे, आणि आपण त्यास बांधतों दाराच्या चौकटीला!

लिंबोळीचा अर्क करणें सोपें आहे. मृगाच्या सुमारास लिंबाखालीं पिकल्या लिंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून, गर धुऊन, बिया सावलींत वाळवाव्या. लागतील तेव्हां कुटून, ५० ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजत घालावी. सकाळीं फडक्यानें गाळून, थोडा साबण विरघळवून, त्याच दिवशीं वापरावी. शिळा अर्क निरुपयोगी. शेतकरी पिकावर मारतात तो हाच पांच टक्क्यांचा अर्क. भिंतीच्या भेगा, गव्हाणीचा तळ, खुंट्याभोंवतीची माती, उंबऱ्याखालची फट येथें तो मुरेपर्यंत शिंपावा. नंतर तीच भेग चुना व माती कालवून बुजवून टाकावी. माझ्या मतें अर्काहूनही हें बुजवणें अधिक मोलाचें आहे. पण तें कष्टाचें काम असल्यामुळें आपण औषधाच्या बाटलीकडे आधीं धांवतों.

जनावराच्या अंगासाठीं आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें एक झाडपाल्याचा उपाय प्रसिद्ध केला आहे. लसणाच्या १० पाकळ्या, लिंबाचा पाला एक मूठ, लिंबोळ्या एक मूठ, वेखंड १० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, घाणेरीचा पाला एक मूठ व तुळशीचा पाला एक मूठ, हें सर्व वाटून एक लिटर पाण्यांत कालवावें, गाळावें, आणि जनावराच्या सर्वांगावर फवारावें अथवा फडक्यानें पुसावें. गोठ्याच्या भेगांतही तेंच फवारावें. आठवड्यांतून एकदां, गोचिडी जाईपर्यंत. आणि वेळ उन्हाची असावी, म्हणजे भिजलेलें जनावर लवकर वाळतें. कान, कास, शेपटीचें मूळ व मांड्यांच्या आंतली बाजू ह्या गोचिडीच्या आवडत्या जागा. गाईच्या कासेस बिलगून दुधाऐवजीं रक्त पिणारी गोचीड जुन्या मराठी कवींच्या दृष्टांतांतही येते. ती उगीच नव्हे. एक सावधगिरी : घाणेरीचा पाला पोटांत गेला तर गुरांस विषारी आहे, म्हणून गाळून उरलेला चोथा गव्हाणीजवळ टाकूं नये, पुरावा.

येथें मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या घरीं कुत्र्याचें एक पिलूं होतें. त्याच्या कानांत गोचिडी झाल्या. तंबाखूच्या पाण्यानें गोचीड मरते असें कोणीं सांगितलें. मीं मूठभर तंबाखू उकळली आणि तें काळें पाणी त्याच्या अंगास चोळलें. पाव तासांत त्याच्या तोंडांतून लाळ गळूं लागली, पाय थरथरूं लागले आणि तें आडवें पडलें. मीं घाबरून त्यास साबणाच्या पाण्यानें पुन्हां पुन्हां धुतलें. तें वांचलें, पण तें दोन दिवस माझ्या जवळ येईना. गोचिडी मात्र होत्या तेथेंच होत्या. तंबाखूंतील विष कातडींतून आंत शिरतें, हें मला ठाऊक असावयास हवें होतें; मी पदवीधर होतों. झाडापासून निघालें म्हणून तें सौम्य, ही समजूत खोटी आहे. सीताफळाच्या बियांच्या भुकटीचीही तीच गोष्ट. ती उवा व गोचिडी मारते खरी, पण डोळ्यांत गेली तर बुबुळास इजा होते. ज्या घरीं लहान मुलें आहेत तेथें ती कुटूंसुद्धां नये. रॉकेल चोळणें हा तर उपाय नव्हेच.

अंगणाविषयीं फार लिहावयास नको, कारण गोचिडीचा तेथला वैरी आपल्याकडे फुकट मिळतो. तो म्हणजे ऊन. उघड्या, कोरड्या, तापलेल्या जमिनीवर तिच्या पिलांच्या अंगांतील ओल सुकते व तीं मरतात. तेव्हां तिला सांवली देणाऱ्या वस्तू काढाव्या : कुंपणाकडचें गवत, कुजका पाला, दगडांचे ढीग, भिंतीला टेकून रचलेल्या गोवऱ्या. कडब्याची गंजी गोठ्यापासून दूर असावी. कुंपण व अंगण यांच्यामध्यें दोन हात रुंदीचा कोरड्या मुरमाचा पट्टा ठेवला तर ती सहसा तो ओलांडीत नाहीं; आणि आमच्या तालुक्यांत मुरमाला तोटा आहे असें कोणी म्हणणार नाहीं. कुत्र्याचें अंथरूण दर आठ दिवसांनीं उन्हांत टाकावें. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड भिंतीवर चढून वर जाते. कधीं कधीं ती तसबिरीच्या मागें सांपडते. गांवठी कोंबड्या मोकळ्या सोडल्या तर त्या गुरांच्या पायांवरच्या व मातींतल्या गोचिडी वेंचून खातात. परंतु कोंबड्यांचीही एक निराळी गोचीड असते, ती दिवसा खुराड्याच्या फटींत लपते व रात्रीं रक्त पिते. खुराडें तसेंच राहूं दिलें तर चोराला राखणदार नेमल्यासारखें होतें.

आणखी एक उपाय आहे, उपासमारीचा. रक्त मिळालें नाहीं तर पिलें शेवटीं मरतातच, मात्र त्यास कित्येक आठवडे, कधीं महिनेही लागतात. अमेरिकेंत १९०६ पासून सरकारनें ही गोचीड नाहींशी करण्याची मोठी मोहीम चालवली, तींत गुरांस औषधी पाण्यांत बुडवीत आणि कुरणें कांहीं महिने रिकामीं ठेवीत. आपल्याकडे हें नकळत होत असे. सुगी संपली कीं गुरें उन्हाळाभर शेतांत बसत, गोठा ओस पडे, आणि पावसाळ्यापूर्वीं तो सारवून घेतला जाई. १९८० सालीं उजनीचें धरण झालें, भीमेकांठीं पाणी चढलें, ऊस आला, दूधधंदा आला. त्यानें तालुक्याचें भलें झालें यांत संशय नाहीं. परंतु संकरित गाय बारा महिने एकाच खुंट्यास बांधलेली राहूं लागली. आपल्या खिलार गुरांची कातडी व रक्त गोचिडीस व तिच्या तापास पुष्कळ तोंड देतें. संकरित गाईस तें जमत नाहीं. दूध अधिक देणारी गाय ठेवावयाची तर भिंतही तिच्याजोगी ठेवली पाहिजे. ज्यांस शक्य असेल त्यांनीं निदान उन्हाळ्यांत दावण बदलावी.

झाडपाल्याचा अभिमान धरून डॉक्टरांस टाळणें मात्र घातक आहे. ताप आला, गांठी सुजल्या, लघवी तांबडी झाली, तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. संकरित वांसरांसाठीं थायलेरियाची लस मिळते, तिची चौकशी करावी. गोचिडी बेसुमार झाल्या तर रासायनिक औषधही डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें व सांगितलेल्या प्रमाणांत वापरावें. अंदाजानें कमी-जास्त व वारंवार एकच औषध मारल्यानें देशांत बऱ्याच ठिकाणीं गोचिडी त्यास दाद देईनाशा झाल्या आहेत.

आणि मुलांनो, गोचीड नखांवर चिरडूं नका. २०११ सालीं गुजरातेंत अहमदाबादेजवळ क्रिमियन-काँगो नांवाचा रक्तस्रावी ताप माणसांत आढळला. हायलोमा जातीच्या गोचिडी तो वाहतात आणि चिरडलेल्या गोचिडीच्या रक्तांतूनही तो लागूं शकतो. कर्नाटकांत १९५७ सालीं क्यासनूरच्या जंगलांत निघालेला माकडताप २०१६ सालीं सिंधुदुर्गांत पुष्कळांस झाला. ती गोचीड दाट वनांतली, आपल्या माळावरची नव्हे. अंगास चिकटलेली गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावी, साबणाच्या पाण्याच्या डबींत टाकावी व हात धुवावे. निखारा टेकवूं नये, तेल ओतूं नये.

उपाय लागू पडला कीं नाहीं हें कसें ओळखावें? आपल्याकडे ज्यानें औषध केलें तोच गुण आला असें सांगतो. यासाठीं एक साधा प्रयोग आहे. धोतराचें एक हातभर पांढरें फडकें काठीस बांधून सकाळीं कुंपणाच्या कडेनें, गवतावरून व गोठ्याच्या भिंतीलगत सावकाश ओढीत न्यावें. वाट पाहत बसलेल्या गोचिडी त्यास चिकटतात. त्या मोजाव्या, वहींत तारीख घालून लिहाव्या, आणि पंधरा दिवसांनीं त्याच वाटेनें पुन्हां मोजाव्या.

त्या मुलानें हें मनावर घेतलें. त्यानें व त्याच्या आजीनें मिळून गोठ्याची एक भिंत अर्क शिंपून व चुना-माती भरून बुजवली. दुसरी भिंत मीं मुद्दाम तशीच ठेवावयास सांगितली होती, पण आजीनें ऐकलें नाहीं. "मास्तर, प्रयोगासाठी का पीडा पाळायची?" असें तिनें विचारलें व तीही बुजवली. भाद्रपदांत फडक्यावरील गोचिडी मोजतांना मुलगा दोनदां चुकला होता, इतक्या त्या होत्या. मार्गशीर्षांत त्यानें वही आणून दाखवली, तींत आंकडा दोन होता. थंडींत गोचिडी आपोआपही कमी होतात, म्हणून त्यास मीं अजून पुरे गुण दिलेले नाहींत. मृगानंतरची मोजणी पाहावयाची आहे. लिंबोळ्यांचें एक पोतें त्यांच्या माळ्यावर आहे. गोठ्यांत सध्यां दोन शेळ्या आहेत. गाय अद्याप घेतलेली नाहीं.